येसू बिन राणोजीची चिठ्ठी

दत्तप्रसादची बायको नुपूर आणि सात वर्षांची मुलगी उर्वी फेब्रुवारी २०२०च्या शेवटच्या आठवड्यात मेलबर्नहून पुण्याला गेल्या, त्या तीन आठवड्यांसाठी. नुपूरच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. ऑफिसात मोठं रिलीज असल्यामुळे दत्तप्रसाद जाणार नव्हता. त्याने दोघींना एअरपोर्टला सोडलं, येताना सर्व्हिस स्टेशनवर कॉफी घेतली आणि तीन आठवडे घर शांत मिळणार म्हणून मनातून थोडा खूश झाला. हे त्याने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

वीस मार्चला ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या. नागरिक आणि परमनंट रेसिडेंट आत येऊ शकत होते, टेम्पररी व्हिसावाले नाहीत. या तिघांचा व्हिसा टेम्पररी होता. पीआरचा अर्ज दाखल होऊन आठ महिने झाले होते. दत्तप्रसादला देश सोडून जायला कुणाची मनाई नव्हती, पण एकदा गेला की परत येता येणार नव्हतं, आणि मग नोकरीचं आणि अर्जाचं काय होईल हे मायग्रेशन एजंटलाही छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. “जास्तीत जास्त जूनपर्यंत उघडेल,” एजंट म्हणाला. जूनमध्ये तो म्हणाला, सप्टेंबर.

मेलबर्नच्या पश्चिम टोकाला, टार्निटमधलं त्यांचं भाड्याचं घर चार बेडरूमचं होतं. नवी एस्टेट, एका साच्यातली घरं, अजून नीट न वाढलेली झाडं, आणि पश्चिमेकडून दिवसभर वारा. ऑगस्टमध्ये लॉकडाऊन कडक झाला. दिवसातून एक तास बाहेर, पाच किलोमीटरच्या आत, संध्याकाळी आठनंतर घरात. तो रोज दुपारी त्याच रस्त्याने खाडीपर्यंत चालत जायचा आणि त्याच रस्त्याने परत यायचा. समोरून कुणी आलं की दोघंही फुटपाथ सोडून गवतात उतरायचे. दिवसभर टीम्सवर मीटिंगा असायच्या, पण तिथे बहुतेकांचे कॅमेरे बंद. एकदा सुपरमार्केटच्या काउंटरवरच्या मुलीने “हाऊज युअर डे बीन?” असं विचारलं आणि त्याच्या घशातून आवाजच फुटेना. त्याने मान हलवली. गाडीत बसल्यावर त्याने मोजलं, समोर उभ्या असलेल्या माणसाशी बोलून अकरा दिवस झाले होते.

पुण्याला रोज फोन व्हायचा, पण तोही हळूहळू आखडत गेला. टार्निटमध्ये असताना उर्वी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर द्यायची. आता ती आजीसारखं बोलायला लागली होती. “बाबा, मला आत्ता वेळ नाहीये रे, खाली मैत्रिणी थांबल्यात,” असं म्हणून ती फोन नुपूरकडे द्यायची. नुपूर कोथरूडला तिच्या आईवडिलांकडे होती. ती आर्किटेक्ट. तिच्या जुन्या फर्मने तिला पुन्हा काम दिलं होतं, “तात्पुरतं.” उर्वीला शाळेत घातलं होतं, तेही तात्पुरतंच.

त्याच ऑगस्टमध्ये मेलबर्नच्या मराठी लोकांच्या फेसबुक ग्रुपवर कुणीतरी एक फोटो टाकला. टास्मानियात, होबार्टच्या उत्तरेला मेंढ्यांच्या कुरणांमध्ये एक छोटं गाव आहे. तिथल्या हिस्टॉरिकल सोसायटीला जुन्या कोर्टाच्या कागदांत एक चिठ्ठी सापडली होती, आणि ती कुठल्या भाषेत आहे हे कुणालाच कळत नव्हतं. खाली कॉमेंट्स पडल्या होत्या. गुजराती आहे. बंगाली असेल. संस्कृत दिसतंय, मंदिरातल्या गुरुजींना विचारा.

दत्तप्रसादने फोटो मोठा केला. आधी ओढलेली रेघ आणि त्या रेघेला लोंबकळणारी, एकमेकांत अडकलेली अक्षरं. एकही अक्षर त्याला लागलं नाही, पण ते वळण तो लहानपणापासून पाहत आला होता. त्याचे वडील भास्करराव चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात होते आणि त्यातली निम्मी त्यांनी मोडी दप्तरं वाचण्यात काढली होती. रविवारीसुद्धा त्यांच्या टेबलावर जुन्या कागदांच्या नकला असायच्या. त्याने लिहिलं, “ही मोडी लिपी आहे. भाषा मराठी. माझे वडील वाचू शकतील.”

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हेदर नावाच्या बाईंचा फोन आला. सत्तरीच्या असाव्यात. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या तिथे विनामोबदला काम करत होत्या.

“मराठी,” त्या दोनदा म्हणाल्या, नीट म्हणता येतंय का ते पाहायला. “हा कागद जेसी रेनी नावाच्या कैद्याच्या फाइलमध्ये होता. इतकी वर्षं आम्ही नुसत्या नावावरून त्याला आयरिश समजत होतो.”

इंग्लंडने ज्यांना शिक्षा म्हणून जहाजात घालून या बेटावर आणून टाकलं, त्या हजारो कैद्यांपैकी तो एक. पण त्याची मूळ नोंद, जी आजवर कुणी उघडून पाहिलीच नव्हती, निराळी होती. रंग काळसर. मूळ गाव मुंबईकडचं. तिथून दरोड्याच्या शिक्षेवर मॉरिशसला, रस्त्याच्या कामावर. मॉरिशसहून पळून जाण्याच्या आणि चोरीच्या आरोपावर पुन्हा शिक्षा, आणि १८३४ साली इकडे, जन्मठेपेवर. त्याच्या वागणुकीची नोंदवही हेदरनी फोनवर वाचून दाखवली. शिध्यातलं गोमांस टाकून दिलं, पंचवीस फटके. जागेवरून गैरहजर, दहा दिवस पायात बेडी. नावाला ओ दिली नाही, सात दिवस अंधारकोठडी. पुन्हा नावाला ओ दिली नाही, पुन्हा सात दिवस.

“आणि चिठ्ठीच्या मागे मॅजिस्ट्रेटच्या कारकुनाने लिहिलंय,” हेदर म्हणाल्या, “परकी लिपी. पुढे पाठवू नये.”

दत्तप्रसादने फोटो वडिलांना पाठवला. भास्करराव सिंहगड रोडला एकटेच राहत. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. वडलांना तो अण्णा म्हणायचा. बापलेकाचं फोनवरचं बोलणं आजवर तीन वाक्यांचं होतं: जेवलास का, तब्येत बरी आहे ना, ठेवतो. त्या दिवशी अण्णांनी तासाभरात स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर त्यांचं कपाळ आणि भिंग एवढंच दिसत होतं.

“हे कुठून आणलंस तू?”

दत्तप्रसादने सांगितलं.

“बोरूने लिहिलेलं नाही हे. पिसाची लेखणी आहे, इंग्रजांची. लिहिणारा शिकलेला आहे, हात कारकुनी आहे, पण त्या लेखणीची सवय नाही त्याला. आणि कागद घडीवर फाटलाय. वेळ लागेल.”

“किती?”

“तुला घाई आहे? माझ्याकडे इथे मोलकरीणसुद्धा येत नाहीये मार्चपासून.”

असं सुरू झालं. रोज दत्तप्रसादची जेवणाची सुट्टी, पुण्यात सकाळचे आठ. अण्णा आदल्या दिवशी लागलेलं वाचायचे, आणि अडलेल्या जागी त्याच्याकडून फोटो आणखी मोठा, आणखी उजळ करून घ्यायचे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे एक अक्षर चुकलं की पुढचं सगळं घसरतं. एक दिवस पूर्ण ‘हिवरतळी’ या गावाच्या नावावर गेला. दुसऱ्या दिवशी मायना लागला. शके १७५९, म्हणजे १८३७ साल.

“हे बघ काय लिहिलंय,” अण्णा म्हणाले. “‘महिना तिथी येथे कळत नाही.’ पंचांग नाही ना जवळ. आयुष्यात इतके कागद वाचले, तिथी कळत नाही असं लिहिलेला पहिला.”

तिसऱ्या दिवशी नाव लागलं. येसू बिन राणोजी घोलप, म्हणजे राणोजीचा मुलगा येसू.

“येसू,” दत्तप्रसाद म्हणाला. “म्हणून जेसी. राणोजीचं रेनी.”

“आणि नावाला ओ देत नाही म्हणून कोठडीत घातला,” अण्णा म्हणाले. “त्याचं नाव घ्यायचं तरी नीट.”

तळाशी एक चित्र होतं, ज्याला हेदर बसलेला पक्षी समजत होत्या. अण्णांनी ते पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. “नांगर आहे तो. ज्याला सही येत नाही त्या कुणब्याने नांगर काढायचा. खाली लिहिलंय बघ, निशाणी नांगर. हा त्याने स्वतःच्या हाताने काढलाय. बाकी सगळं दुसऱ्याच्या हातचं. बिकलम गोविंद महादेव. म्हणजे लिहिणारा गोविंद महादेव.”

हळूहळू बोलणं चिठ्ठीच्या बाहेरही जायला लागलं. अण्णा खिचडी टाकताना फोन ओट्यावर उभा करून ठेवायचे. एकदा त्यांनी विचारलं, “तू तिथे दिवसभर करतोस काय?” दत्तप्रसादने खाडीपर्यंतचा रस्ता सांगितला. मग थोडं थांबून म्हणाला, “काही नाही करत, अण्णा.” अण्णांनी कुकरच्या शिट्ट्या मोजल्यासारखं केलं. पण दुसऱ्या दिवसापासून कॉल पंधरा मिनिटं आधी यायला लागला.

सप्टेंबरच्या मध्यावर एके दिवशी अण्णा म्हणाले, “पुढचं लागत नाही.”

“किती ओळी?”

“पाच-सहा. शाई उडालीये.”

दत्तप्रसादने फोटो उघडून पाहिला. त्या ओळींची शाई सगळ्यात काळी होती. अण्णा दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने विचारलं, “अण्णा, लागत नाही की वाचायचं नाहीये?”

मग भिंग बाजूला झालं आणि अण्णांचा सबंध चेहरा दिसला. दाढी वाढलेली होती.

“तू एकटा आहेस तिथे,” ते म्हणाले. “असलं तुला वाचून दाखवायला जीव होईना. सोडचिठ्ठी आहे ती.”

मग त्यांनी पहिल्यापासून सबंध वाचली. आवाज ऑफिसातला, कागद वाचतानाचा.

“शके १७५९ हेमलंबी नाम संवत्सरे, महिना तिथी येथे कळत नाही. लिहून देणार येसू बिन राणोजी घोलप, मौजे हिवरतळी, प्रांत जुन्नर, हल्ली इंग्रजाचे दूर बेटी कैदेत. लिहून घेणार आमची बायको गंगू. कारणे लिहून देतो ऐसीजे. मी जिवंत आहे. परंतु घरास येणे घडत नाही. शिक्षा जन्माची आहे. येथे बैल थोडे, सबब माणसे गाडीस जुंपतात. ओढ्यावर दगडी पूल बांधवितात, त्याचे दगड आम्ही वाहतो. थंडी फार. तू माझी वाट पाहू नये. तुझे मर्जीस येईल त्यासी पाट लावावा. माझा उजूर नाही, माझे भावाबंदांस हरकत करावयास गरज नाही. कोणी अडवील त्यास हे चिठ्ठी दाखवावी. पोरीस मी मेलो ऐसे सांगावे. मेल्याचे दुःख सरते, जित्याची वाट सरत नाही. आमची बोली समजणार गोविंदभट एकच, तो उद्या दुसरे ठाणी जातो. म्हणोन आज लिहविले. यापुढे आमचे बोलणे राहिले. हे चिठ्ठी राजीखुशीने लिहून दिली सही.”

दत्तप्रसाद ओट्याला टेकून उभा होता. समोर ताटातली भाजी निवली होती. अण्णांनी चष्मा पुसला.

“नवरा जिवंत असेल तर सोडचिठ्ठीशिवाय बाईला पाट लावता यायचा नाही, दुसरं लग्न करता यायचं नाही,” ते म्हणाले. “जातपंचायत वाळीत टाकायची. म्हणजे हा कागद पोचला नाही, तर ती बाई ना सवाष्ण ना विधवा. आणि त्या गाढवाने शेरा मारला, पाठवू नये.”

ऑक्टोबर संपता संपता मेलबर्न उघडलं. लोक कॅफेंबाहेर रांगा लावून उभे राहिले. विमानं मात्र आत येईनात. टेम्पररी व्हिसाचं काही ठरेना. एजंट आता पुढच्या जूनबद्दल बोलत होता.

डिसेंबरात अण्णांनी एक गोष्ट कुणाला न विचारता केली. दोन मास्क लावून, नारायणगावपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने, ते हिवरतळीला गेले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी फोन केला, तेव्हा टार्निटमध्ये रात्र झाली होती. दत्तप्रसाद आधी चिडला. मग ऐकत बसला.

गाव होतं. घोलपांची सहा घरं होती. अण्णांनी चिठ्ठी बाळबोधीत उतरवून नेली होती. एका अंगणात खुर्च्या मांडल्या, चहा झाला, माणसं जमली. अण्णांनी वाचून दाखवली. येसूचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. राणोजी मात्र वंशावळीत होता, पण त्याच्याखाली दोनच मुलगे लिहिले होते आणि त्यात येसू नव्हता.

“एक जण मला म्हणाला, यात जमिनीचा काही उल्लेख आहे का?” अण्णा हसले. “म्हटलं, नाही बाबा. मग तो उठून गेला. त्याचंही बरोबर आहे म्हणा. मी चौतीस वर्षं त्याच प्रश्नाची उत्तरं दिली.”

“आणि बाकीचे?”

“एक म्हातारी होती, माझ्याहून मोठी. भिंतीला टेकून बसलेली. सगळं ऐकलं तिने. मग विचारलं, मंग लावला का तिनं पाट?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? माहीत नाही म्हणालो. चिठ्ठी पोचलीच नाही म्हणालो. ती म्हणाली, मंग कशाला लावल. बसली आसंल.”

फोन ठेवल्यावर ‘बसली असेल’ हे दत्तप्रसाद मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

जानेवारीतल्या एका रविवारी भर दुपारी त्याने नुपूरला फोन लावला. काय बोलायचं ते त्याने ठरवलं होतं. चिठ्ठीची सगळी हकीकत तिला माहीत होती, अण्णांनीच सांगितली होती.

“मी काय म्हणतो,” त्याने सुरुवात केली, “तू थांबू नकोस आता. म्हणजे, तात्पुरतं तात्पुरतं करत वर्ष गेलं. तुला फर्म पार्टनरशिपचं विचारतेय ना? घे. उर्वीची शाळा पक्की कर. माझ्यामुळे तुझं अडायला नको.”

मग तिने विचारलं, “हे काय आहे?”

“काही नाही. मी फक्त…”

“सोडचिठ्ठी देतोयस का मला?”

“नाही गं! तसं कुठे म्हणालो मी?”

“मग त्या माणसाचं वाचून तुला एकदम मोठं मन सुचलंय.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. “दत्ता, त्याच्या पायात बेडी होती. त्याला येता येत नव्हतं म्हणून त्याने लिहिलं. तुझ्या पायात काय आहे?”

“पीआर,” तो म्हणाला. तोंडातून गेल्यावर तो शब्द किती बारीक वाटला.

“हो ना. पीआर. मला पण हवाय तो. मी पण सहा वर्षं काढली तिथे. पण मी तुला एकदा तरी म्हणाले का, थांब तिथेच? तू येतोस की आम्ही येतो, हे सरकार ठरवेल म्हणून तू बसून राहिलास. रोज मला विचारतोस, काही बातमी आहे का. तू बातमी आहेस, दत्ता. दुसरी कुठली बातमी यायची नाहीये.”

“म्हणजे मी यावं असं म्हणतेस?”

“मी ये म्हणत नाहीये. ठरव म्हणतेय. राहणार असशील तर तसं सांग, मग मी माझं बघेन, आणि उर्वीला काय सांगायचं तेही बघेन. पण माझ्यावर उपकार केल्यासारखं मला मोकळं नको करूस.”

तिने फोन ठेवला. तो बाहेर पडला आणि चालत राहिला. आता पाच किलोमीटरची अट नव्हती. तो खाडी ओलांडून ट्रुगानिनाच्या पुढे, गोदामांच्या भागापर्यंत गेला, जिथे फुटपाथ संपतो आणि नुसतं वाळलेलं गवत लागतं. तिथे उभं राहून त्याने स्वतःला विचारलं की गेल्या वर्षात दरवाजा खरंच किती वेळा बंद होता. उत्तर त्याला आवडलं नाही. सिस्टिम, बॉर्डर, एजंट असं म्हणत त्याने स्वतःसाठी एक सोयीची कैद बांधून घेतली होती. तिच्यात दुःख होतं, एकटेपणाही खरा होता, पण ठरवायचं काही नव्हतं.

बुधवारी त्याने मॅनेजरला राजीनाम्याचं सांगितलं. “यू श्योर, मेट?” मॅनेजर म्हणाला. “जूनपर्यंत थांबलास तर…” दत्तप्रसाद म्हणाला, “नो, आय ॲम श्योर.” खात्री त्याला तेव्हाही नव्हती.

निघण्याआधी, मार्चच्या लाँग वीकेंडला, तो विमानाने टास्मानियाला गेला. हेदर त्याला घ्यायला आल्या होत्या. उंच, वाकलेल्या, पुरुषी टोपी घातलेल्या. ओढ्यावरचा पूल त्यांनी आधी दाखवला. पिवळसर दगडांच्या तीन कमानी, खाली बदकं, वर कॅम्परव्हॅन थांबवून फोटो काढणारी माणसं. दगडांवर छिन्नीच्या खुणा होत्या. दत्तप्रसादने प्रत्येक कमानीखाली वाकून पाहिलं, कुठे नांगर कोरलेला दिसतो का. नव्हता. येसू दगड वाहणारा होता, घडवणारा नव्हे.

सोसायटीच्या खोलीत हेदरनी कागद त्याच्यासमोर ठेवला. तो तळहाताहून थोडाच मोठा होता. स्क्रीनवर त्याने महिनोन् महिने एवढा मोठा करून पाहिला होता की आता त्याचा लहान आकार पाहून त्याला कसंतरी झालं. नांगर काढणाऱ्याने लेखणी इतकी दाबली होती की कागद फाळाशी फाटला होता.

“तुमच्या वडिलांचं भाषांतर आल्यावर मी पुढची रजिस्टरं पुन्हा पाहिली,” हेदर म्हणाल्या. “जेसी रेनी म्हणून नाही, जेसो, येसू, येशो, सगळी स्पेलिंगं धरून. हे सापडलं.”

ती १८४६ सालची नोंद होती. तोवर येसूला थोडी सवलत मिळाली होती. एका शेतमालकाकडे तो मेंढ्या राखत होता, डोंगरातल्या झोपडीत राहून. त्याच मालकाच्या स्वयंपाकघरात कॅथरीन डोलन नावाची एक कैदी बाई होती. दोघांनी लग्नाची परवानगी मागितली होती. कैद्यांना लग्नाला सरकारची परवानगी लागे, आणि मायदेशी नवरा किंवा बायको असेल तर ती मिळत नसे. हेदरनी बोट ठेवून वाचलं, “अर्जदार म्हणतो, हिंदुस्थानात बायको होती, तिला सोडल्याचा कागद नऊ वर्षांपूर्वी या कचेरीत दिला आहे. असा कागद आढळत नाही. नामंजूर.”

“या कचेरीत?”

“इथल्या मॅजिस्ट्रेटचीच कचेरी. तुमच्या समोर आहे तो कागद तेव्हा त्याच इमारतीत, त्याच्याच फाइलमध्ये होता. कुणी उघडून त्याला दाखवला असता, तर तो म्हणाला असता, हाच.”

“पुढे काय झालं त्यांचं?”

“कॅथरीन दोन वर्षांनी होबार्टला गेली, तिथे तिचं एका सुताराशी लग्न झालं. येसूचं मात्र काही सापडत नाही. मृत्यूची नोंद नाही, सुटकेची नाही. मी अजून शोधतेय.” त्यांनी चष्मा काढला. “पंधरा वर्षं मी शाळेच्या मुलांना हा पूल दाखवतेय. आयरिश लोकांनी बांधला म्हणून सांगायचे.”

दत्तप्रसादने तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णांनी ऐकून घेतलं. आणि मग जो माणूस बायको गेली तेव्हाही चारचौघांत रडला नव्हता, तो फोनवर ओरडला, “अरे, कागद दप्तरात होता की! दप्तरात होता आणि आढळत नाही लिहिलं! एकाला वाचता येत नव्हतं तर दुसऱ्याला विचारायचं. त्या येसूलाच विचारायचं, बाबा, हे काय आहे. एवढंच करायचं होतं.” त्यांना ढास लागली. शांत झाल्यावर ते म्हणाले, “दोघांचंही आयुष्य त्या एका कागदात होतं. तिकडे तिचं आणि इकडे याचं.”

हेदरनी न समजता मान हलवली. त्यांना ते मराठी कळायचं कारण नव्हतं, पण त्यांनी दत्तप्रसादसमोर टिशूंचा डबा सरकवला.

दहा दिवसांनी तो निघाला. पुण्यात केसेस परत वाढायला लागल्या होत्या. ऑफिसातले लोक म्हणत होते, हा काय वेडेपणा, नेमका आत्ता. नुपूरला त्याने तिकीट पाठवलं तेव्हा तिने फक्त “मिळालं” असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, तुला घ्यायला कोण येऊ, मी की अण्णा. त्याने लिहिलं, तू.

मेलबर्नच्या टुलामरीन विमानतळाचं टर्मिनल रिकामं होतं. दुकानांची शटरं बंद, सरकते जिने थांबलेले, बोर्डावर सबंध दुपारभरात चार विमानं. फेस शील्ड लावलेली माणसं एकेक खुर्ची सोडून बसली होती. त्याने घरी व्हिडिओ कॉल लावला. उर्वीने उचलला. तिचे पुढचे दोन दात नवे आले होते आणि केस कापलेले होते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं होतं आणि त्याने ऐकलं नव्हतं.

“बाबा, तू खरंच निघालास?”

“हो. उद्या रात्री पोचतो.”

“किती दिवसांसाठी येतोयस?”

“परतीचं तिकीट नाही काढलेलं.”

तिने विचार केला. मागे कुठेतरी नुपूरचा आवाज येत होता, ती कुणाशी तरी कामाचं बोलत होती.

“मग तू झोपणार कुठे?” उर्वी म्हणाली. “आईच्या आणि माझ्या खोलीत जागा नाहीये. पलंगावर आम्ही दोघीच मावतो.”

“बघू आपण,” तो म्हणाला. “खाली गादी घालू.”

“गादी आजीला विचारायला लागेल,” ती म्हणाली, आणि फोन तसाच हातात धरून ती आजीला विचारायला गेली. स्क्रीनवर छत, पंखा, दाराची चौकट, भिंत असं हलत राहिलं. विमानाची घोषणा झाली. त्याने बॅग खांद्याला लावली आणि फोन न ठेवता रांगेत उभा राहिला.